हिमालयातही आमचाच तलाव

जगात जेवढं म्हणून पाणी आहे ते सगळं मुळात आमच्या गावच्या तलावाचं आहे, आणि समुद्र, नद्या, सरोवरं वगैरे मंडळी त्याची दूरची नातेवाईक आहेत, असं मनापासून मानणारा एकच माणूस मी आजवर पाहिला. तो नेमका माझ्या बायकोचा मामा निघावा, हा माझ्या पत्रिकेतला दोष. आमच्याकडे सासरच्या वडीलधाऱ्या माणसाला मामाजी म्हणतात आणि हे तर जात्याच मामा, म्हणून ते दुप्पट मामाजी. धंदा नाटकाचे पडदे रंगवण्याचा. स्वभाव असा की, देवाने सृष्टी आधी केली आणि पडदा नंतर आला, ही घाईत झालेली चूक आहे असं त्यांना वाटतं.

नागभीडच्या पुढे टेकड्या जिथे रस्त्याच्या अगदी अंगावर येतात, तिथे तीन टेकड्यांच्या ओंजळीत आमचा तलाव आहे आणि त्याच्या पाळीखाली, म्हणजे मातीच्या बांधाखाली, गाव. शेती धानाची, पण खरं पीक कलावंतांचं. एवढ्याशा गावात दोन नाटक मंडळं, एक दंडारीचा नाचगाण्याचा फड, दोन भजन मंडळं आणि सहा हार्मोनियमवाले आहेत, त्यातले चार एकमेकांशी बोलत नाहीत. दिवाळी झाली की आमच्या भागात गावोगाव मंडई भरते; लेकी-जावई येतात, पाहुण्यांनी घरं भरतात, आणि त्या दिवशी नाटक झालं नाही तर मंडई झाली असं कोणी मानत नाही. मी स्वतः वनखात्याच्या ऑफिसात लिपिक आहे. वर्षभर वाघाने नेलेल्या गुरांचे कागद टाइप करतो आणि मंडईला खलनायक होतो. सतरा वर्षं झाली. पहिल्या वर्षी माझं हसू ऐकून एक बाळ रडलं होतं, त्या भांडवलावर मी अजून टिकून आहे. अलीकडे बाळं रडत नाहीत. उलट पुढच्या रांगेतली दोन-तीन माझ्याबरोबर हसतात.

तर मामाजींचे पडदे. नाटकवाले सांगतील तो पडदा ते रंगवत: महाल म्हणा, जंगल म्हणा, तुरुंग म्हणा. अट कसलीच नाही, फक्त पडद्यात तलाव येणार. महालाच्या कमानीतून तलाव. तुरुंगाच्या गजांमधून तलाव, त्यामुळे आमच्या नाटकातले कैदी सुटायला फारसे उत्सुक दिसत नाहीत. मुंबईच्या बाराव्या मजल्यावरच्या फ्लॅटच्या खिडकीतूनही तोच, पाळीवर धुणं धुणाऱ्या बायांसकट, आणि बाया नेमक्या बाराव्या मजल्याच्या उंचीवर. एका पौराणिक नाटकासाठी हिमालय मागवला, तर बर्फाच्या शिखरांच्या मधोमध आमचा तलाव निघाला, पाळ आणि मोहाच्या झाडासह. दिग्दर्शक हात जोडून म्हणाला, मामाजी, हिमालयात आपली पाळ कुठून आली? मामाजींनी त्याच्याकडे अशा दयेने पाहिलं की तो आपोआप खाली बसला. "मंग देवानं आंघोळ कुठी करायची?" ते म्हणाले. "बरफात?"

एकदा ऊर्जानगरच्या कॉलनीतल्या एका हौशी मंडळाने त्यांना गाडी पाठवून बोलावून नेलं. पडद्यावर वीज केंद्राच्या चिमण्या पाहिजेत, तलाव नको, असं त्यांनी आधीच बजावून ठेवलं होतं. मामाजी कबूल झाले. आठ दिवसांनी पडदा उघडला तेव्हा चिमण्या होत्या, अगदी हुबेहूब, धुरासकट. फक्त त्या उलट्या होत्या, कारण आमच्या तलावात त्यांचं प्रतिबिंब पडलं होतं. मंडळींनी पैसे चुकते केले. करणार काय? चिमण्या मागितल्या होत्या, चिमण्या मिळाल्या होत्या.

पडद्याच्या कापडाला खळ लावून ते तलावाच्या पाळीवर वाळत घालत आणि रंग तलावाच्याच पाण्यात भिजवत. नळाच्या पाण्यात निळा रंग मरतो, हा त्यांचा शोध. रोज सकाळी पाळीवर उभं राहून ते खऱ्या तलावाची तपासणी करत आणि बहुधा तो नापास होई. "आज पान्याच्या मधात पांढरा जास्त पडला," असं पुटपुटत घरी येत, जणू रात्री कोणी शिकाऊ माणूस येऊन रंगवून गेला. एका संध्याकाळी पलीकडच्या काठाला वाघ पाणी प्यायला उतरला. घाटावरच्या बाया बादल्या टाकून पळाल्या, मी माझी सायकल टाकून पळालो, आणि वनखात्याचा माणूस पळतोय हे पाहून गावाचा उरलासुरला धीर सुटला. मामाजी तेवढे जागेवर उभे राहिले, डोळ्यांवर हात धरून. वाघ गेल्यावर ते घरी आले, जंगलाचा पडदा उघडला आणि त्यावरच्या वाघाचे पट्टे पुसायला बसले. "इतके वर्स सारखे काढून राह्यलो होतो," ते हळहळत म्हणाले. "एका बाजूचे दुसऱ्या बाजूले जुळत नाईत त्याचे."

नट या जातीबद्दल त्यांचं मत फार चांगलं नव्हतं. पडदा आणि प्रेक्षक यांच्या मध्ये जी माणसं उगाच येतात ती नट, अशी त्यांची व्याख्या. नाटकाला ते सगळ्यांच्या आधी येऊन बसत आणि पूर्ण वेळ पडद्याकडे पाहत. मी दर वर्षी शेवटच्या अंकात गोळी लागून मरतो, रंगमंचाच्या बरोबर मध्ये, आणि माझ्या देहाचा घेर पाहता मी मेल्यावर मागे फारसं काही दिसत नाही. एका वर्षी मी आशेने विचारलं, मामाजी, कसं वाटलं काम? त्यांनी थोडा विचार केला. "जवाईबापू, मरा तुमी. मराले ना नाई," ते म्हणाले. "पन जरा बाजूले सरकून मरत जा. तलाव झाकून राह्यले." पुढच्या वर्षी मी त्यांचा मान राखला. छातीत गोळी घेऊन डाव्या विंगेपर्यंत लडखडत गेलो. हा माणूस पळून चालला असं वाटून बायकांच्या बाजूने एक म्हातारी ओरडली, "अजून एक घाला त्याले!" आणि पोलीस झालेल्या आमच्या ग्रामसेवकाने खरंच घातली.

या सगळ्याला मामी कशा पुरल्या ते मला माहीत नाही. मामी कमी बोलतात. नवऱ्याच्या एकाही पडद्याला त्या चांगला म्हणाल्याचं कोणी ऐकलेलं नाही. "झाला का?" एवढाच त्यांचा अभिप्राय, आणि तोही, पडदा संपवून जेवायला येणार का, अशा अर्थाने.

गेल्या वर्षी गोष्टी बदलल्या. मी नाटक मंडळाचा सचिव झालो. दुसरं कोणी तयार नव्हतं, याला आमच्याकडे बिनविरोध म्हणतात. अध्यक्ष म्हणजे आमच्या गावचे राइस मिलवाले. त्यांनी कुठेतरी एलईडी पडद्यावरचं नाटक पाहिलं होतं आणि तेव्हापासून त्यांना झोप नव्हती. बटण दाबलं की महाल, बटण दाबलं की आग, बटण दाबलं की विमान. बैठकीत ठरलं: यंदा एलईडी. रंगवलेले पडदे बंद. मामाजींना हे सांगायचं काम सचिवाचं, कारण सचिव घरचा जावई. सगळे माझ्याकडे इतक्या प्रेमाने पाहू लागले की मला गोळी लागल्यासारखं झालं.

मी तयारी केली. आरशासमोर उभं राहून चार दिवस संवाद पाठ केला: मामाजी, काळ बदलला आहे, मंडळाला तुमच्याविषयी आदर आहे, वगैरे. निघताना बायको म्हणाली, मामाच्या घरी रिकाम्या हाताने जाऊ नका, बरं दिसत नाही. घरात दसऱ्याचा एक नारळ उरला होता, तो तिने माझ्या पिशवीत टाकला.

आता इथे आमच्या गावची एक रीत सांगायला हवी, जी मला लहानपणापासून माहीत होती आणि त्या सकाळी नेमकी आठवली नाही. दसरा झाला की मंडळाचा सचिव पडदेवाल्याच्या घरी नारळ घेऊन जातो. तो फोडून त्याचं पाणी पहिल्या निळ्या रंगात घालतात. एकदा नारळ फुटला की पडदा ठरला. मग पूर येवो की आमदार येवो, तो पडदा टांगावाच लागतो. आजवर कोणी ते मोडलेलं नाही. आणि मी, मंडळाचा सचिव, दसऱ्यानंतरच्या चौथ्या दिवशी हातात नारळ घेऊन, तुमचा पडदा नको, हे सांगायला त्यांच्या ओसरीवर चढलो.

मामाजींनी आधी माझ्या तोंडाकडे पाहिलं, बराच वेळ. मग पिशवीकडे पाहिलं. मी म्हणालो, मामाजी, काळ... एवढ्यात त्यांनी पिशवीत हात घालून नारळ काढला आणि इतक्या चपळाईने उंबऱ्याजवळच्या दगडावर फोडला की माझा बदललेला काळ तोंडातच राहिला. मामींनी निळ्याची वाटी पुढे केली. पाणी पडलं. मी चहा प्यायलो, लांबी-रुंदी तीच ना, या प्रश्नाला "तीच" म्हणालो आणि घरी आलो. पडदा रद्द करायला गेलेला मी मोठ्या निष्ठेने पडद्याची ऑर्डर देऊन आलो होतो.

त्यानंतरचा महिना मी जो अभिनय केला तो सतरा वर्षांत रंगमंचावर जमला नव्हता. अध्यक्ष विचारत, सांगितलं का? मी म्हणे, सांगितलं, फार समजूतदार माणूस. मामाजी निरोप पाठवत, बांबू कोणता लावायचा? मी म्हणे, मागच्या वर्षीचाच. पाळीवरून जाणारा ऑफिसचा रस्ता मी सोडला आणि धानाच्या बांध्यांतून चिखल तुडवत जाऊ लागलो. एकदाच चुकून त्यांच्या घरामागून गेलो. आतून मामींचा आवाज येत होता, कधी नव्हे इतका: अजून वर, डाव्या हाताले, हिरवा नाही, काळा हिरवा. मला वाटलं, दोघं भांडत आहेत. चला, आपल्याशिवायही जगात कोणी अडचणीत आहे, या समाधानात मी निघून गेलो.

मंडईचा दिवस उजाडला. दुपारी एलईडीची गाडी आली. दाढीवाल्या ऑपरेटरने लोखंडी चौकटी जोडल्या, तारा लावल्या आणि तपासायला म्हणून कुठल्यातरी परदेशी सरोवराचं चित्र सुरू केलं. अध्यक्ष लहान मुलासारखे उभे होते. आणि तेव्हाच तलावाच्या बाजूने मामाजी आले. पडद्याची गुंडाळी तलावात मासे धरणाऱ्या एका ढिवराच्या खांद्यावर आणि मामाजींचा हात मामींच्या खांद्यावर. ते असे खांद्याला धरून चालतात हे मी पहिल्यांदाच पाहिलं.

पळायला जागा नव्हती. मी पुढे गेलो आणि पाठ केलेला सगळा संवाद विसरून म्हणालो, मामाजी, माझं चुकलं. यंदा पडदा नाही. मी त्या दिवशी तेच सांगायला आलो होतो.

"मले समजलं होतं," मामाजी म्हणाले.

मी विचारलं, कसं?

"तुमचं तोंड पायलं अन् समजलो. तुमाले लपवता येते काय काही? सतरा वर्स पायून राह्यलो तुमाले." ते हसले. "नारळ दिसला म्हून वाचलो. नाई तं तुमी बोलून टाकलं असतं."

मग मामींनी सांगितलं. काचबिंदू. नागपूरच्या डॉक्टरने उन्हाळ्यातच सांगितलं होतं की गेलेली नजर परत यायची नाही आणि उरलेलीचा भरवसा नाही. कडेचं सगळं गेलं होतं. समोरचा तळहाताएवढा उजेड राहिला होता. त्यात मावेल तेवढा तुकडा मामाजी रंगवत आणि त्या तुकड्याच्या बाहेर काय आहे ते मामी सांगत. डावीकडची टेकडी त्यांनी पाहिलीच नव्हती, ऐकून काढली होती. यानंतर पडदा होणार नव्हता. त्यांना एक शेवटचा करून टांगायचा होता, आणि त्यासाठी गावात कोणाला विनंती न करता, कोणाची दया न घेता मिळेल असा एकच उपाय होता: नारळ. तो मी पिशवीत घालून, पायी चालत, घरपोच दिला होता.

मामाजी एलईडीजवळ गेले. अगदी नाक लागेल इतकं जवळ. "याच्यात पानी हालते म्हनतात," ते ऑपरेटरला म्हणाले. तो म्हणाला, हो काका, लाटा पण येतात. मामाजींनी चौकटीला हात लावून पाहिला. चाळीस वर्षं जे त्यांना ब्रशाने साधलं नव्हतं ते समोर होतं, आणि मला वाटलं, आता हा माणूस खचणार. "हालू द्या," ते शेवटी म्हणाले. "आपल्या तलावाचं पानी मंडईच्या दिवसांत हालत नाई."

मी सरळ अध्यक्षांकडे गेलो. म्हणालो, नारळ फुटला आहे, पडदा टांगला पाहिजे. नांदी पडद्यापुढे होईल, मग एलईडी. ते म्हणाले, एवढी महाग गोष्ट झाकून ठेवायची? तेव्हा मी छाती पुढे काढली आणि सतरा वर्षांतला सर्वांत जोरकस संवाद टाकला: पडदा नसेल तर मी काम करणार नाही. अध्यक्षांच्या चेहऱ्यावर अशी सुटका पसरली की मला वाक्य घाईघाईने मागे घ्यावं लागलं. मी दुसरी धमकी दिली: पडदा नसेल तर मी काम करीन, शिवाय दुसऱ्या अंकातलं गाणंही म्हणेन. अध्यक्षांनी माझ्याकडे नीट पाहिलं, मी गंभीर आहे याची खात्री केली, आणि म्हणाले, नांदीपुरता टांगा. पाच मिनिटं. आणि नांदीत तुम्ही मागे उभं राहायचं, नुसतं तोंड हलवायचं.

आमच्याकडे उद्घाटन दिवस असतानाच उरकतात, कारण पाहुण्यांना अंधाराच्या आत जंगलाचा रस्ता ओलांडायचा असतो. ऊन टेकडीआड चाललं होतं तेव्हा आम्ही बांबू वर चढवला आणि पडदा खाली सोडला. मी मागच्या रांगेत उभा राहिलो. नांदी सुरू झाली.

नटाला पडदा कधी दिसत नाही, हे लोकांच्या लक्षात येत नाही. तो नेहमी त्याच्या पाठीला असतो. इतकी वर्षं मी त्या तलावापुढे हसलो, गरजलो, मेलो, पण प्रयोग चालू असताना त्याच्याकडे तोंड करून कधी उभा राहिलो नव्हतो. त्या दिवशी तोंड हलवण्यापलीकडे मला काम नव्हतं, म्हणून मी वळलो.

महाल नव्हता, तुरुंग नव्हता, हिमालयसुद्धा नव्हता. या टोकापासून त्या टोकापर्यंत नुसता तलाव. शिंगाडे काढणारे दोन डोंगे, पाळ, घाट आणि मध्ये स्वच्छ, थांबलेलं पाणी. कडा कडांना जुळत नव्हत्या. कुठे रंग दाट, कुठे कापड दिसत होतं. डावीकडची टेकडी जरा जास्तच मोठी झाली होती, जशी ती सांगणाऱ्याला वाटत असेल तशी. मी तोंड हलवायचंही विसरलो.

मामाजी आणि मामी पहिल्या रांगेत, रंगमंचाला अगदी लागून, माझ्यापासून सात-आठ हातांवर होते. नांदीच्या खालून मला मामींचा आवाज ऐकू येत होता. त्या मामाजींच्या कानाशी वाकून सांगत होत्या, हळूहळू, न थांबता: सरळ टांगला आहे, घडी पडलेली नाही, उजेड पाण्यावर पडला आहे.

"लोक पायतात?" मामाजींनी विचारलं.

"पायतात."

"अन् जवाईबापू?"

"तेबी. लोकायकडं पाठ करून उभे हायेत."

मी नजर पडद्यावरून हलवली नाही, पण कान तिकडेच होते. पुढे पेटीवाला शेवटच्या कडव्यावर आला. दोरीपाशी उभ्या असलेल्या माणसाने पडदा गुंडाळायला हात वर केला. तेव्हा मामाजींचा आवाज आला, मामींसाठीच, अगदी खालचा. त्यांनी आयुष्यात नाटकवाल्यांकडे मागितलेली मला माहीत असलेली ही एकच गोष्ट.

"नांदी जरा लांबवतील काय?"

मला गायची परवानगी नव्हती. सूर तर त्याहून नव्हता. मी पहिलं कडवं पुन्हा उचललं, मोठ्याने, एकट्याने. पेटीवाल्याने दचकून मागे पाहिलं, अध्यक्षांनी विंगेत कपाळावर हात मारला, आणि मग एक-एक करून बाकीचेही पहिल्या ओळीवर परत आले.